बिमली, बांगडे आणि टेबलाखालची जागा

आमच्याकडे गावात कुत्रं पाळणं ही काही बातमी नाही. गोव्यात फोंड्याच्या आसपास कुठल्याही वाड्यावर जा, दर अंगणात एक तरी असतंच, सकाळी पोदेराच्या (पाव विकणाऱ्याच्या) मागे धावायला आणि रात्री उगाच भुंकायला. पण त्याला काय घालायचं, किती वाजता घालायचं आणि कुणी घालायचं हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून ठेवणं म्हणजे लोकांना करमणूक, आणि जुलैपासून ती करमणूक आमच्या घरी फुकटात चालू आहे.

बिमली गावठीच. कुर्टीला नवऱ्याच्या मित्राचं गॅरेज आहे, तिथं जुन्या टायरांमागे तिच्या आईनं पिल्लं घातली होती, त्यातली ही. दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळच ठेवायची असं ठरवूनच होतं, कारण चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांशी मारामारी करता करताच शिकतं आणि ते शिक्षण माणसाला देता येत नाही. मातीचा रंग, एक कान उभा एक पडलेला (तो अजून उभा राहिलेला नाही, आता राहणारही नाही बहुतेक), पोट नगाऱ्यासारखं. ते पोट बघून सासूबाई म्हणाल्या खाऊनपिऊन सुखी आहे पोर. डॉक्टर म्हणाले जंत आहेत.

तर सुरुवात जंतापासून. पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच, नाहीतर दुधातून येतात, त्यामुळे घर कितीही स्वच्छ असलं तरी औषध चुकत नाही. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजन बघून डोस. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात जे काय पडलं त्याचं वर्णन मी करत नाही, हे वाचताना कुणीतरी जेवत असेल.

मग दूध. येईल तो माणूस दूध-पाव घाल म्हणून सांगून जायचा. आता पिल्लू आईचं दूध पितं हे खरं, पण गायी-म्हशीच्या दुधात लॅक्टोज जास्त असतं आणि आईचं दूध सुटलं की ते पचवायची पिल्लाची ताकदही कमी कमी होत जाते, त्यामुळे वाटीभर दूध घातलं की संध्याकाळी ढाळ ठरलेले. दही चालतं. पाव म्हणजे नुसता मैदा, पोट भरतं आणि बाकी काही मिळत नाही, आणि वाढत्या पिल्लाला तर मोठ्या कुत्र्यापेक्षा किलोमागे जवळपास दुप्पट खाणं लागतं, ते सगळं पावात घालवायचं म्हणजे काय.

आम्ही तयार खाणं आणि घरचं असं दोन्ही देतो. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं मिळतं ते सकाळी-रात्री, आणि मधल्या दोन वेळा घरचं. चार महिन्यांची होईपर्यंत चार वेळा, मग तीन वेळा, आता सहा महिने उलटून गेल्यावर दोनदा. घरचं म्हणजे उकड्या तांदळाचं मऊ शीत, त्यात हाडं काढलेलं उकडलेलं चिकन नाहीतर अंडं नाहीतर मासळी, आणि लाल भोपळा किंवा गाजर. मीठ नाही, मसाला नाही. हे एवढं लिहिलं की सोपं वाटतं. पण चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, आणि नुसत्या चिकन-भातावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकडे होतात, चालताना लंगडतात, ते डॉक्टरांकडे बाकावर बसलं की दिसतंच. आमच्या डॉक्टरांनी अंड्याच्या कवचाची पूड सांगितली. कवचं धुवायची, कडक वाळवायची, मिक्सरला अगदी पिठासारखी करायची. सपाट चमचाभर पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे लहान पिल्लाला चिमूटभरच पुरे, आणि आधीच तयार खाणं देत असाल तर त्यात कॅल्शियम घातलेलंच असतं, मग वरून किती ते डॉक्टरांनाच विचारायचं. जास्त झालं तरी हाडंच बिघडतात. मोठ्या जातींच्या पिल्लांना तर विशेष. शेजारच्या गल्लीत एक लॅब्रॅडोर आहे त्याला तीन तऱ्हेची टॉनिकं चालू होती, कुणाच्या तरी पुतण्यानं सांगितली म्हणून.

बिमली आली तेव्हाच मासेमारीची बंदी सुरू झालेली. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, त्यामुळे बाजारात मासळी कमी आणि जी आहे तिचा भाव विचारायची सोय नाही. त्यामुळे बिचारीचे पहिले दोन महिने अंडी आणि चिकनवर गेले, गोव्यात जन्मून. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा तारले आणले. तारले कुकरला चांगले शिजवले की काटा इतका मऊ होतो की बोटानं कुस्करला जातो, ते भातात कालवून दिले तर चालतात. बांगड्याचा काटा मात्र मी काढूनच देते, मधला कणा ओढला की बराचसा सोबत येतो, तरी बोटांनी एकदा चाचपून बघायचं. मासळी शिजवूनच द्यायची. तारल्यांसारख्या काही माशांमध्ये कच्चेपणी एक घटक असतो तो बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो, शिजवलं की त्याचा उपद्रव संपतो. आणि हाडांचं उलटं आहे, कोंबडीचं शिजवलेलं हाड चिरफळून धारदार होतं, ते घशात किंवा आतड्यात रुततं. 'आमचो टायगर सगळीं हाडां खातालो' हे मला आतापर्यंत इतक्या जणांनी ऐकवलंय. टायगर किती वर्षं जगला हे विचारलं की विषय बदलतो.

पावसात अजून एक कटकट म्हणजे दमट हवा आणि मुंग्या. कोरड्या खाण्याची पिशवी उघडी राहिली की आठवड्यात त्याला तो कुबट वास येतो, बुरशी लागते, म्हणून छोटी पिशवी आणायची आणि पिशवीसकट स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवायची. मुंग्यांसाठी ताटात पाणी घालून त्यात तिची वाटी ठेवायची. यावर बिमलीनं काढलेला उपाय असा की आधी ताटातलं पाणी पिऊन टाकायचं, मग जेवायचं, आणि मग वाटी उलटी करून त्यावर पाय ठेवून आपल्याकडे बघायचं.

पण खरं सांगू का, काय घालायचं हा भाग सोपाच. कठीण भाग म्हणजे बाकीच्यांनी काय नाही घालायचं. आमच्या घराला दोन दारं, पुढचं आणि मागिलदार, आणि बिमलीचा सगळा काळा बाजार मागिलदारी चालायचा. सासूबाई जेवून उठल्या की हातातला शेवटचा घास तिचा. शेजारच्या काकी भांडी घासायला बाहेर आल्या की कढईतलं खरवडून तिचं. पोदेर सायकल टेकवून अर्धी पोई टाकायचा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'खांव दी गो, कितें जायना तिका.' प्रत्येकानं एकेकच घास दिला हे खरं, पण ती एवढीशी, दोन-अडीच किलोची, आणि घास देणारे सहा. दिवसभराच्या खाण्यातलं फार तर दहा टक्के खाऊ म्हणून असावं असं सांगतात, इथं तर जेवणच दहा टक्के उरलं होतं.

आणि घास कसला तर शागोतीचा. जुलैत एका रविवारी काकींकडे कोंबडीची शागोती झाली, रस्सा-भात बिमलीला पोचला, आणि रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं छत्री धरून तिला अंगणात नेत होतो. तेवढ्यावर निभावलं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि शिजवल्यानं, वाटल्यानं, भाजल्यानं काही फरक पडत नाही, म्हणजे आपल्या वाटपाचं तर बघायलाच नको. थोडंथोडं रोज गेलं तरी साठत जातं आणि कुत्रं नुसतं मलूल दिसतं, कुणाला कळतही नाही कशानं.

द्राक्षं आणि मनुका आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, किडनी जाते. पण ते कशामुळे हे इतकी वर्षं कळत नव्हतं, अलीकडे डॉक्टर लोक टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवतायत. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती आपली चिंच, कारण चिंचेत तेच आम्ल भरपूर, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडनीला त्रास झाल्याच्या नोंदी आहेतही. आमच्या हुमणात (मासळीच्या आमटीत) सोलं नसली तर चिंच असते. म्हणजे कांदा नाही लसूण नाही असं म्हणून देवळाच्या जेवणातलं सांबारं घालणाऱ्यांनाही सुट्टी नाही. चॉकलेट नको, त्यातही काळं तर अजिबात नको. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं ते तर थोड्यातही साखर एकदम खाली आणतं, आमच्या घरात सासऱ्यांना डायबेटिस आहे म्हणून ही गोष्ट मी त्यांच्या खिशापर्यंत नेऊन सांगितली.

कागद फ्रिजवर लागला तो तेव्हा. वर मोठ्या अक्षरात कांदा, लसूण, मनुका, चिंच, चॉकलेट, हाड. खाली कुणाच्या हातून काय चालेल: आई (म्हणजे सासूबाई), उकडलेलं गाजर. काकी, काकडी. पोदेराला कागद दाखवता येत नाही म्हणून त्याला सांगितलं की टाकायचंच असेल तर कांकणाचा (बांगडीसारख्या पावाचा) तुकडा टाक. कांकण कडक असतं, दात येताना बिमलीनं त्याच्यावर चांगला वेळ काढला. कुत्र्याचे दुधाचे दात अठ्ठावीस, ते चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत बेचाळीस पक्के येतात, या मधल्या काळात तुमच्या चपला, चार्जर आणि वेताच्या खुर्चीचा पाय हे सगळं तिचं. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि ते द्यायचं, हिरड्यांना बरं वाटतं.

श्रावणाची गंमत वेगळीच. आमच्या घरात श्रावणभर आणि पुढे चवथ होईपर्यंत नुस्तं (मासळी), अंडं काही शिजत नाही. सासूबाईंचं म्हणणं पडलं की घरातल्या सगळ्यांचा श्रावण तर तिचाही श्रावण, भात-डाळ खाईल, काय बिघडतंय. कुत्री डाळ-भातावर जगतात हे खरंय, मांजरासारखं त्यांचं नाही, पण वाढीच्या वयात एकदम महिनाभर चांगली प्रथिनं काढून घ्यायची हे मला पटेना. वाद झाला. मग तोडगा निघाला तो सासऱ्यांकडून, मागिलदारी पाणी तापवायची चूल आहे तिथं वेगळं टोप, वेगळी पळी, आणि चिकन शिजवणारा माणूस नवरा, कारण त्याचा तसाही श्रावण मनातून कधीच नसतो. भर पावसात लुंगी खोचून, डोक्यावर प्लास्टिक घेऊन तो कुत्रीसाठी चिकन उकडतोय आणि ती शेजारी बसून टोपाकडे टक लावून बघतेय, आणि तो स्वतः मात्र त्यातलं खाऊ शकत नाही. काकी कुंपणावरून म्हणाल्या, 'वैनी, आता हिला लग्नात काय देणार?'

चवथीला तर दोन दिवस तिला मागच्या खोलीतच ठेवलं. नेवऱ्यांत मनुका, पंचखाद्य सगळीकडे सांडलेलं, वर माटोळीला लोंबकळणारी फळं म्हणजे तिला वाटलं हे सगळं आपल्यासाठीच टांगलंय, आणि फटाके.

आता बाहेर नेण्याचं. लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांपर्यंत चालतात. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही असं सगळे सांगतात. लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि आमच्याकडे पावसात साचलेल्या पाण्याला काय तोटा. रेबीजच्या बाबतीत गोव्यानं खरंच मोठं काम केलंय, 2021 मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, ते गावोगाव जाळी घेऊन भटक्या कुत्र्यांना टोचत फिरणाऱ्या मिशन रेबीजच्या पोरांमुळे. पण म्हणून घरच्या कुत्र्याची लस चुकवायची असं नाही, उलट ते टोचतात म्हणून तर आपण निर्धास्त फिरतो.

यात अडचण अशी की पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तीन ते चौदा आठवडे. त्या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं, नाही बघितलं तर पुढे भीती. आणि लसी संपतात सोळाव्या आठवड्याला. म्हणजे घरात कोंडून ठेवलं तर आजारातून वाचेल पण मिक्सरच्या आवाजाला घाबरून चावणारं कुत्रं होईल. यावर इलाज म्हणजे उचलून न्यायचं. आमच्याकडे बाजाराची कापडी मोठी पिशवी आहे, त्यात जुना टॉवेल घालून बिमलीला बसवायचं, डोकं बाहेर, आणि स्कूटरवर पुढे पायाशी ठेवून जायचं.

पहिली जागा तिंट्यावरचं, म्हणजे नाक्यावरचं, चाय-भाजीचं हॉटेल. तुम्हाला माहीत असेल तसलं, सनमायका उडालेली टेबलं, पातळ भाजी-पाव, मिरची, बन, आणि काउंटरवर मालक ज्याला कधी कुणी हसताना बघितलं नाही. आत न्यायचा प्रश्नच नव्हता, आम्हीच बाहेरच्या बाकावर बसलो, पिशवी मांडीवर. मालक बाहेर आला, पिशवीत बघितलं, म्हणाला, 'भायरूच बस हां.' आणि आत गेला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा म्हणाला हात धू आणि मग खा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यानं स्वतः चहा बाहेर आणून दिला, नाहीतर तिथं चहा आपणच काउंटरवरून आणायचा असतो. त्या बाकावर बिमलीनं कदंबची बस बघितली, मासळीवाली बघितली, हेल्मेटवाला पोलीस, शाळेची पोरं, फेस्ताचे फटाके, छत्र्या, सगळं मांडीवरून. तिला तिथं खायला काहीच मिळालं नाही आणि ते मुद्दाम. हॉटेल म्हणजे आपण खाणार आणि तू बसणार, हे डोक्यात बसायला तेच वय बरं. घरून आणलेले गाजराचे तुकडे खिशात ठेवायचे आणि गप्प बसली की एक द्यायचा, टेबलावरचं काही नाही.

मला वाटतं हॉटेलात कुत्रं नेण्याचं सगळं मर्म एवढंच आहे, त्याला टेबलाखाली अर्धा तास गप्प बसता येतं की नाही. आत घ्यायचं की नाही ही मालकाची मर्जी, आपला काही हक्क लागत नाही, आणि रांधपाच्या खोलीच्या जवळपास प्राणी नको हे तर योग्यच आहे. घरी एक जुनं सतरंजीचं आसन आहे, ते टाकलं की त्यावर बसायचं हे तिला शिकवलं, आधी दोन मिनिटं, मग आपण जेवत असताना, मग पाहुणे असताना. तेच आसन घडी करून पिशवीत येतं. कुठंही टाकलं की ती त्यावर. आणि दोरी खुर्चीला कधी बांधायची नाही. प्लास्टिकची खुर्ची म्हणजे कुत्र्याला काहीच नाही, मांजर दिसलं की खुर्ची घेऊन पळतं, आणि मागे धडाधडा आवाज येतो म्हणून अजून जोरात पळतं. हे मोरजीला एका पर्यटकाच्या बीगलनं आम्हाला प्रात्यक्षिक करून दाखवलं, खुर्चीवर त्यांची बॅग होती.

ऑक्टोबरात शॅक लागले तशी तिला समुद्रावर न्यायला लागलो. शॅक बरे, वाळूतच टेबलं, कुणाला अडचण नाही. पण दर शॅकची आपली कुत्री असतात आणि ती जागा त्यांची असते, त्यामुळे जाऊन धपकन बसायचं नाही, लांब थांबून आधी त्यांना वास घेऊ द्यायचा. ती कुत्री बघितली की मला नेहमी वाईट वाटतं, सीझनभर पर्यटक त्यांना बटर गार्लिक प्रॉन्स घालतात (गार्लिक!) आणि मेअखेर शॅक मोडले की जूनमध्ये तिथं ना माणूस ना खाणं. ज्यांना खरंच माया आहे त्यांनी ते पैसे आसगावच्या इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यूसारख्या संस्थेला दिले तर त्या कुत्र्यांच्या पावसाळ्याला कामी येतील.

समुद्रावर तिचं पाणी आपण न्यायचं, खारं पाणी प्यायली की ढाळ, जास्त प्यायली तर त्याहून वाईट. दुपारी वाळू तापलेली असते, आपला तळहात ठेवून बघायचा. रापण ओढून झाली की काठावर पडलेल्या माशांपासून दूर, कारण त्यात केंड असतो. फुगणारा, काटेरी, जाळ्यात आला की मासेमार शिव्या घालत काठावर फेकतात, आणि तो विषारी, कुत्र्यानं चघळला तर जीव जाऊ शकतो. आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं कासवं अंडी घालायला येतात, थंडीत आणि त्याच्या पुढे, कुत्री ती अंडी उकरून खातात, तेव्हा तिथं दोरी सोडायचीच नाही. माझं कुत्रं असं करणार नाही असं मी बिमलीबद्दल तरी छातीठोकपणे सांगणार नाही, तिनं आमच्या परसातली सुरणं उकरलीयत.

कॅफेंचं काय सांगू. आसगाव, हणजुणे, शिवोली बाजूला आता कुत्र्यांसाठी वेगळं मेनूकार्ड असलेली ठिकाणं झालीत. एकदा हौस म्हणून गेलो. इन्स्टावर पेट-फ्रेंडली, दारात पाटी, आणि आत गेल्यावर आम्हाला बसवलं कुठं तर मागे जनरेटरच्या शेजारी, पत्र्याखाली, ऊन पायावर. पाणी मागितलं तर वाटी नाही म्हणाले. पण मेनूत कुत्र्याचा केक होता, आणि त्याचा दर बघून नवऱ्यानं मला फक्त कार्ड दाखवलं, बोलला काही नाही. केकमध्ये काय आहे विचारलं तर पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला, 'मॅम, ऑल नॅचरल.' द्राक्षंही नॅचरलच असतात रे बाबा. सगळी तशी नाहीत, शिवोलीला एका ठिकाणी बसल्या बसल्या पाण्याची वाटी आली, पंख्याखाली जागा मिळाली आणि वेटरनं हात लावायच्या आधी विचारलं, बस्स, एवढंच लागतं. पण बिमलीची झोप लागते ती अजूनही तिंट्यावरच्या बाकाखाली.

नाताळात पलीकडच्या आंटीकडून कुसवारचं ताट आलं. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, आणि रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा केक, म्हणजे फ्रिजवरच्या कागदातलं निम्मं एका तुकड्यात. ताट थेट कपाटावर. आंटीला मी ऑक्टोबरातच सांगून ठेवलेलं होतं, तिनं बिमलीसाठी वेगळी वाटी पाठवली होती, त्यात उकडलेलं अंडं आणि वर पेपर नॅपकिनची चांदणी.

आता पुढच्या महिन्यात नसबंदी आहे. वजन दर पंधरवड्याला बघतोय, नवरा तिला उचलून काट्यावर उभा राहतो आणि मग स्वतःचं वजा करतो (हल्ली त्यातला वाढता आकडा कुणाचा यावर वाद आहे). बरगड्या दिसता कामा नयेत पण हात फिरवला की लागायला हव्यात, तशा लागतात. डॉक्टरांनी सांगितलंय की ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज मात्र कमी होते, म्हणून खाणं पाव हिश्शानं तरी कमी करावं लागेल. ते आईंना कोण सांगणार हे अजून ठरलेलं नाही. सासरे म्हणतात कागदावर लिही, मी काही तोंडानं सांगणार नाही.